बिलाल यांचं नाव घेऊन रकाना कोरा ठेवू नका

बारामती आणि इंदापूरच्या मोहल्ल्यांत सध्या एक सल्ला फिरतो आहे. जनगणना येते आहे, या वेळी जात विचारणार आहेत, तर मुसलमानांनी जातीच्या रकान्यात 'मुस्लिम' एवढंच सांगायचं आणि विषय संपवायचा. हा सल्ला देणारे लोक वाईट हेतूचे नाहीत. त्यांत मशिदीचे जबाबदार आहेत, निवृत्त शिक्षक आहेत, शिकलेसवरलेले तरुणही आहेत. कुणी शंका काढली तर उत्तर तयार असतं: इस्लाममध्ये उच्चनीच असतं तर एक हबशी गुलाम पहिला मुअज्जिन झाला असता का? हजरत बिलाल (रजि.) यांचं नाव आलं की समोरचा माणूस गप्प होतो. पुढे बोलणं त्याला बेअदबी वाटतं.

मला वाटतं, बेअदबी उलट बाजूने होते आहे. ज्या माणसाने छातीवर दगड सोसला, त्याचं नाव आपण आपल्याच दुबळ्या भावंडांचं तोंड बंद करायला वापरतो. म्हणून हा लेख.

केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जातिनिहाय गणनेचा निर्णय जाहीर केला. जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, म्हणजे जातीचा प्रश्न घेऊन प्रगणक दारात येणार तो फेब्रुवारी २०२७ मध्ये. १९३१ नंतर सगळ्या जातींचे आकडे जनगणनेतून कधीच प्रसिद्ध झालेले नाहीत. २०११ च्या सामाजिक-आर्थिक गणनेत जात विचारली गेली, पण ते आकडे सरकारने बाहेर काढले नाहीत. इतक्या वर्षांनी आलेल्या संधीला आपण कोरा रकाना देणार असू, तर त्याची किंमत कोण मोजणार, हे आधी नीट पाहायला हवं.

बिलाल यांच्या गोष्टीचा अर्धाच भाग

खुतब्यात आपण बिलाल यांची गोष्ट ऐकतो ती अशी: उमय्याने तापल्या वाळूवर छळलं, हजरत अबू बक्र (रजि.) यांनी विकत घेऊन मुक्त केलं, आणि मक्का जिंकल्यावर त्याच बिलाल यांनी काबागृहाच्या छतावरून अजान दिली. हे सगळं खरं. पण त्या अजानच्या वेळी खाली उभ्या असलेल्या कुरैश सरदारांपैकी काहींनी नाक मुरडलं होतं, हेही परंपरेने जपून ठेवलं आहे. हजरत अबू जर (रजि.) यांच्यासारख्या थोर सहाबींनी एकदा रागाच्या भरात एकाला त्याच्या आईच्या रंगावरून हिणवलं. तो माणूस बिलाल होते असं परंपरा सांगते. त्यावर प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी त्यांना तिथेच सुनावलं की तुमच्यात अजून जाहिलियतचा अंश उरला आहे.

या प्रसंगाकडे नीट बघा. प्रेषितांनी दोष झाकला नाही. आपल्या दीनमध्ये रंगभेद नाही, त्यामुळे असं घडलंच नसेल, असं ते म्हणाले नाहीत. दोषाला त्यांनी नाव दिलं आणि ज्याच्यात तो होता त्याला तोंडावर सांगितलं. आपण काय करतो? दोष आहे, हेच नाकारतो, आणि नाकारण्यासाठी बिलाल यांनाच साक्षीदार म्हणून उभं करतो.

मलिक अंबर आणि बादशहाचा बाण

आता दख्खनकडे या. बिलाल यांच्याच हबश देशातला एक मुलगा सोळाव्या शतकात गुलाम म्हणून विकला गेला. विकणारे मुसलमान होते, विकत घेणारेही मुसलमान होते. मोखा, बगदाद असे बाजार बघत तो अहमदनगरच्या निजामशाहीत आला. हाच मलिक अंबर. १६०० मध्ये अहमदनगर मोगलांनी घेतल्यावर त्याने परांड्याला निजामशाही पुन्हा उभी केली, खडकी वसवली, तिथे नहर आणली, आणि १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही अशा दोन्ही फौजांना हरवलं. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने होते. इंदापुरात ज्यांची गढी आहे ते मालोजीराजे निजामशाहीचेच सरदार. पुणे आणि सुपे हे परगणे भोसल्यांकडे आले तेही निजामशाहीकडूनच. आपल्या या भागाच्या इतिहासात अंबर परका नाही. त्याने जमिनीची प्रत आणि पीक बघून सारा ठरवला, मक्तेदारांना बाजूला केलं, गावच्या पाटलावर जबाबदारी टाकली. 'मलिकंबरी धारा' हा शब्द महसुलाच्या इतिहासात टिकून आहे.

या अंबरबद्दल जहांगीर बादशहा आपल्या आत्मचरित्रात त्याचा रंग काढून शिव्या देतो. अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने एक चित्र काढून घेतलं: भाल्यावर अंबरचं कापलेलं मुंडकं, आणि पृथ्वीगोलावर उभा राहून त्यावर बाण सोडणारा बादशहा. ते चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहालयात आहे. प्रत्यक्षात मोगलांना अंबर कधीच सापडला नाही. तो १६२६ मध्ये म्हातारपणी वारला आणि खुलताबादला त्याची कबर आहे. दोघेही कलमा पढणारे. तरी बादशहाला दिसला तो काळा रंग.

आपण अंबरचा फोटो स्टेटसला लावतो आणि खाली लिहितो, बघा, इस्लामने गुलामाला सुलतानाच्या बरोबरीला बसवलं. मग तो गुलाम कुणाच्या बाजारात विकला गेला? हा प्रश्न विचारणारा इस्लामचा शत्रू नसतो. इस्लामच्या शिकवणीपासून मुसलमानांचा समाज किती लांब गेला, हे तो मोजत असतो.

नाव नसलेली माणसं

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा लढा आपल्याला माहीत असतो तो भाषणांतून आणि छायाचित्रांतून. त्याच्या मुळाशी मोजणीचा एक लांब इतिहास आहे, तो फार कमी सांगितला जातो.

१७८७ च्या अमेरिकी राज्यघटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामाला तीन-पंचमांश माणूस धरलं होतं. म्हणजे मोजणी गुलामांची, आणि वाढीव जागा मालकांच्या राज्यांना. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांसाठी वेगळे तक्ते होते. त्यांत मालकाचं नाव असे, खाली गुलामांचं वय, लिंग आणि रंग. गुलामाचं नाव लिहायला बहुतेक ठिकाणी जागाच नव्हती. गुलामगिरी १८६५ मध्ये संपली, आणि १८७० च्या जनगणनेत ही लाखो माणसं पहिल्यांदा आपापल्या नावानिशी नोंदली गेली. आजही काळी कुटुंबं आपला वंश शोधत मागे जातात तेव्हा बहुतेकांची वाट १८७० ला येऊन अडते. त्याआधी नावं नाहीत.

१ मार्च १८७५ रोजी अमेरिकेत नागरी हक्कांचा कायदा झाला: खानावळी, रेल्वे, नाट्यगृहं इथे रंगावरून कुणाला अडवायचं नाही. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. निकालाचा सूर असा होता की गुलामीतून सुटलेल्या माणसाने कधीतरी कायद्याचा लाडका असणं सोडून साधा नागरिक व्हायला हवं. गुलामी संपून अठराच वर्षं झाली होती. कायद्याला आता रंग दिसत नाही, हा युक्तिवाद तेव्हापासून चालू आहे. २०२३ मध्ये त्याच न्यायालयाने विद्यापीठांच्या प्रवेशात वंशाचा विचार करणं थांबवलं, तेही समान वागणुकीच्या नावाने.

रंग दिसत नाही असं म्हणणारे गोरे आणि आमच्यात जात नाही असं म्हणणारे आमचे सय्यदसाहेब यांच्या वाक्यांत मला फरक सापडत नाही. भेद सोसणाऱ्याला ती चैन परवडत नाही. ज्याला भेदाचा त्रास नसतो, त्यालाच तो दिसत नाही.

आयडा बी. वेल्स या बाईंनी या युक्तिवादाला काय उत्तर दिलं ते पाहा. १८९२ मध्ये मेम्फिस शहरात त्यांच्या ओळखीच्या तीन दुकानदारांना जमावाने मारलं. काळ्या पुरुषांना ठेचून मारलं जातं ते गोऱ्या बायकांवर हात टाकतात म्हणून, असं तेव्हा सर्रास छापलं जाई. वेल्स यांनी गोऱ्यांच्याच वर्तमानपत्रांतले आकडे गोळा केले: कोण, कुठे, कोणत्या आरोपाखाली मारला गेला. बहुसंख्य प्रकरणांत तसा आरोपसुद्धा नव्हता. १८९५ मध्ये त्यांनी ही सगळी नोंद पुस्तक करून छापली. नुसतं दुःख सांगितलं असतं तर लोकांनी ऐकून सोडून दिलं असतं. नाव, गाव, तारीख आणि कारण असलेली यादी समोर आल्यावर खोटं सांगणाऱ्यांची पंचाईत झाली.

सुप्याच्या बाजारात काय जळलं

हे सगळं साता समुद्रापलीकडचं, बारामतीशी त्याचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध कापसाचा आहे.

१८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवी युद्धात दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली. काळ्या गुलामांनी वेचलेला कापूस लँकेशायरला पोचेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. दख्खनमध्ये कर्ज सहज मिळू लागलं. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिलं. याच सुमारास सारा वाढला. इंग्रजांची जमीनमोजणीची नवी पद्धत गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी १८३६ च्या सुमारास पहिल्यांदा इंदापूर तालुक्यात बसवली होती. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७ मध्ये फेरआकारणीही पहिल्यांदा इंदापुरातच झाली आणि सारा एकदम चढला. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, आजच्या बारामती तालुक्यातल्या सुपे गावात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली आणि कर्जखतं, वह्या बाहेर काढून जाळल्या. दख्खनचे दंगे म्हणून इतिहासात गेलेलं प्रकरण इथून सुरू झालं.

शेतकऱ्यांचा राग खतांवर आणि वह्यांवर होता, कारण वही फक्त सावकाराच्या हातात होती. किती घेतलं, किती फेडलं, हे तो लिहील ते खरं. अमेरिकेच्या दक्षिणेत त्याच वर्षांत गुलामीतून सुटलेला काळा माणूस जमीनदाराची शेती वाट्याने करत होता, जमीनदाराच्या दुकानातून उधारीवर माल उचलत होता, आणि हंगामाच्या शेवटी दुकानाच्या वहीत तो कायम देणेकरीच निघत होता. आपल्याकडे आजही साखर कारखान्यांवर येणारा ऊसतोड मजूर आधी घेतलेली उचल फेडत हंगाम काढतो आणि हिशेब मुकादमाच्या वहीत असतो.

सुप्याच्या दंग्यानंतर चौकशी आयोग बसला, १८७९ मध्ये शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, आणि खतं गावच्या नोंदणी अधिकाऱ्यासमोर करण्याची सोय आली. वह्या जाळल्याने हिशेब संपला नाही. वही एकट्या सावकाराची राहिली नाही, तेव्हा कुठे थोडा फरक पडला.

हे नातं महात्मा फुल्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' लिहिलं आणि काळ्यांना गुलामीतून सोडवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ते अर्पण केलं. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले काळे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्युबॉइस यांना पत्र लिहिलं. त्यात त्यांनी काय मागितलं? काळ्यांच्या संघटनेने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती. अस्पृश्यांचा प्रश्न तिथे मांडता येईल का, हे त्यांना बघायचं होतं. फुल्यांची अर्पणपत्रिका आपण सांगतो, पण बाबासाहेबांनी प्रती मागितल्या, तो धडा आपण घेतलेला नाही.

आपल्या घरात बघा

बारामतीच्या कुठल्याही मोहल्ल्यात चला. बागवान फळांच्या आणि भाजीच्या धंद्यात, अत्तार, मणियार बाजारात, पिंजारी गाद्या भरणारा, शिकलगार धार लावणारा, मुलाणी गावगाड्यातला बलुतेदार, फकीर दारोदार फिरणारा. एका सफेत नमाजला उभे राहतो, आणि हे आपलं खरंखुरं वैभव आहे, मी ते कमी लेखत नाही. पण नमाज संपल्यावर रिश्त्याची बोलणी सुरू झाली की पहिला प्रश्न कोणता येतो? "कोणत्या बिरादरीतले?" बायोडेटामध्ये 'सुन्नी' च्या पुढे बिरादरी लिहिलेली असतेच. फकिराच्या घरातला इंजिनिअर मुलगा सय्यदाच्या घरात सून मागायला गेला, तर बिलाल यांची गोष्ट सांगणारेच लोक काय बोलतात, हे आपण सगळ्यांनी ऐकलेलं आहे.

लग्नात जात आहे, टोपणनावांत आहे, मशिदीच्या कमिटीत कोण बसतो यात आहे. फक्त सरकारी रकान्यात ती नसावी असा आपला आग्रह आहे. म्हणजे जिथे जात दुखवते तिथे ती राहू द्यायची, आणि जिथे तिच्यामुळे हक्क मागता येतो तिथून काढून टाकायची.

मी स्वतः तांबोळी आहे. माझ्या नात्यातल्या एका मुलीला ओबीसीचा दाखला हवा होता. महाराष्ट्रात ओबीसीच्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागतात. तिच्या आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा काढला, तर जातीच्या रकान्यात मास्तरांनी लिहिलेलं: मुसलमान. आजोबांचा पानाचा धंदा, वडिलांचा पानाचा धंदा, गावात सगळे त्यांना तांबोळी म्हणूनच ओळखायचे. कागदावर तांबोळी कुठेच नाही. प्रवेशाची मुदत गेली, तिने खुल्या वर्गातून दुसऱ्या शाखेत प्रवेश घेतला. एका शब्दाची ही किंमत आहे, आणि ती साठ वर्षांनी नातीने भरली. आज जे लोक 'फक्त मुस्लिम सांगा' म्हणतात त्यांनी अशा नातींची नावं मनात मोजावीत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. जनगणनेतली नोंद कुणाला जातीचा दाखला म्हणून मिळत नाही. कायद्याने ती वैयक्तिक नोंद गोपनीय असते. जनगणनेतून निघतात ते एकत्रित आकडे, आणि धोरणं त्यांवर ठरतात. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या स्थानिक संस्थांमधलं ओबीसी आरक्षण अडवलं, कारण सरकारकडे आकडेवारी नव्हती. मग बांठिया आयोग आला. तेव्हा आडनावांवरून ओबीसी ओळखले जात आहेत असा आक्षेप राजकीय पक्षांनीच घेतला होता. आता सांगा, आडनावावरून मुसलमानाची बिरादरी कशी ओळखणार? शेख आडनावाचा माणूस मोमीन असेल, पिंजारी असेल, नाहीतर खानदानी शेखही असेल. आपण स्वतः सांगितलं नाही, तर आपली मोजणी होण्याचा दुसरा कुठलाही मार्ग नाही.

मी डेटाबेसवर काम करतो. तिथे कोऱ्या रकान्याला 'नल' म्हणतात. सरासरी काढताना प्रोग्राम नल असलेल्या नोंदी गुपचूप वगळतो. चूक दाखवत नाही, इशारा देत नाही. उत्तर व्यवस्थित दिसतं, आणि त्या उत्तरात ती माणसं नसतात. सगळ्यांनी एकच शब्द भरला तरी तेच होतं. डॉक्टर सय्यद आणि भंगार वेचणारा फकीर यांची एक सरासरी निघते, आणि ती दोघांपैकी कुणाचीच नसते.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप धर्माचा: जात लिहिणं म्हणजे जात मानणं. हाच आक्षेप मुस्लिम ओबीसी चळवळीवर घेतला गेला. जालन्याच्या शब्बीर अन्सारींनी ती उभी केली, अभिनेते दिलीपकुमार तिच्या सभांना गेले, आणि दोघांनाही समाजातल्या बड्यांनी सुनावलं की तुम्ही इस्लाममध्ये जात घुसवता. आज बागवान, मोमीन, पिंजारी यांच्या मुलांना जे दाखले मिळतात ते अशा लोकांनी टीका सोसली म्हणून. माल्कम एक्स यांचं उदाहरण आपण फार देतो. १९६४ मध्ये ते हजला गेले, सर्व रंगांची माणसं एकत्र बघून त्यांचं मन पालटलं. बरोबर. पण परत येऊन त्यांनी काय केलं, तेही सांगा. त्याच वर्षी जूनमध्ये त्यांनी आफ्रो-अमेरिकन एकतेची संघटना काढली, जुलैमध्ये कैरोला जाऊन आफ्रिकी देशांना विनवलं की आमचा प्रश्न संयुक्त राष्ट्रांत न्या. हजमध्ये समता दिसली म्हणून घरी परतून रंगाचा प्रश्न संपला, असं ते म्हणाले नाहीत. रोगाचं नाव केसपेपरवर लिहिल्याने रोग वाढत नाही.

दुसरा आक्षेप एकीचा: आजच्या दिवसांत आपण आपसांत वेगळे कसे दिसायचे? जून २०१४ मध्ये हडपसरला सोलापूरहून नोकरीसाठी आलेल्या एका तरुण आयटी कर्मचाऱ्याला जमावाने मारलं. दाढी आणि टोपी बघून मारलं. बिरादरी विचारली नाही. खटल्यातले आरोपी जानेवारी २०२३ मध्ये निर्दोष सुटले. मीही याच धंद्यात आहे, त्यामुळे ही भीती मला कुणी समजावून सांगायची गरज नाही. जमावापुढे आपण सगळे एक आहोत. पण शिष्यवृत्तीच्या अर्जापुढे, बँकेपुढे, नगरपालिकेच्या राखीव जागेपुढे आपण एक नाही, आणि त्या जागी एकी म्हणजे वरच्याने खालच्याच्या नावाने बोलणं असतं.

एकीसाठी कुणाला मागे ठेवलं जातं, हे माँटगोमेरीत दिसलं. मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीने बसमधली जागा सोडायला नकार दिला आणि तिला अटक झाली. रोझा पार्क्स यांच्या नऊ महिने आधी. पण ती लहान होती, गरीब वस्तीतली होती, रंगाने जास्त काळी होती, पुढे लग्नाआधीच गरोदर राहिली. नेत्यांना ती चळवळीचा चेहरा म्हणून चालली नाही. पार्क्स यांचा मान मोठाच आहे, ३८१ दिवसांचा बहिष्कारही मोठा. तरी बसमधला भेद शेवटी ज्या खटल्याने १९५६ मध्ये मोडला, त्यातल्या चार बायकांपैकी एक कोल्विन होती. जिला मागे ठेवलं होतं, तिच्या साक्षीनेही समाज जिंकला. बिहारने २०२३ मध्ये मुसलमानांची बिरादरीनिहाय मोजणी छापली, तेलंगणाने मुस्लिम मागासवर्ग वेगळा मोजला. तिथे मशिदी फुटल्या नाहीत.

तिसरा आक्षेप भीतीचा: ही माहिती उद्या आपल्याविरुद्ध वापरली तर? ही भीती खोटी नाही. १९४० च्या जनगणनेच्या माहितीचा उपयोग अमेरिकेने १९४२ मध्ये जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत नेताना केला होता. राज्यसंस्थेवर डोळे मिटून विश्वास ठेवा असं मी म्हणणार नाही. पण धर्माच्या रकान्यात आपण 'इस्लाम' सांगणारच आहोत. नाव, पत्ता, घरातली माणसं, सगळं सांगणार आहोत. ज्याला आपल्याला शोधायचं आहे त्याला एवढं पुरतं. बिरादरी लपवल्याने त्याच्यापासून संरक्षण मिळत नाही. फक्त ज्यांना मदत पोचायला हवी ते सापडत नाहीत.

आता काय करायचं

फेब्रुवारी २०२७ पर्यंत वेळ आहे. बारामती, इंदापूर, सुपे, भिगवण, निमगाव, जिथे जिथे मशीद आहे तिथे जुम्याच्या नमाजनंतर एक टेबल लावता येईल. तिथे लोकांना तीन गोष्टी सांगायच्या. धर्माच्या रकान्यात इस्लाम. जातीच्या रकान्यात आपली बिरादरी, राज्याच्या यादीत जशी आहे तशी, एकाच स्पेलिंगने. आणि प्रगणकाने स्वतःहून 'मुस्लिम' लिहून पुढे जायचं म्हटलं तर त्याला थांबवून नीट सांगायचं, लिहिलेलं वाचून घ्यायचं.

त्याच टेबलावर दुसरं काम: आजोबा-पणजोबांच्या शाळेचे उतारे, जुने खरेदीखत, जन्म-मृत्यूच्या नोंदी काढायला घरांना मदत करायची. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांची रजिस्टरं वाळवीने खाण्याआधी हे व्हायला हवं. या कामाला मोठा नेता लागत नाही, बारावी झालेली चार मुलं-मुली आणि एक झेरॉक्स मशीन पुरतं. १९५५ च्या डिसेंबरमध्ये माँटगोमेरीत बहिष्काराची हजारो पत्रकं जो ॲन रॉबिन्सन या प्राध्यापिकेने दोन विद्यार्थ्यांना हाताशी धरून एका रात्रीत छापली होती. चळवळ तशी चालते.

आणि टेबलावर कोण बसणार, हे ठरवताना बिलाल यांचं नाव जरूर आठवा. तिथे फकिराची मुलगी बसू दे, शिकलगाराचा मुलगा बसू दे. सय्यदसाहेबांनी त्यांच्याकडे जाऊन आपला फॉर्म तपासून घ्यावा. प्रेषितांनी (सल्ल.) बिलाल यांना काबागृहाच्या छतावर चढवलं तेव्हा खाली उभे असलेल्यांना वर बघावं लागलं होतं. तेवढं आपल्याला जमलं, तर बिलाल यांचं नाव घ्यायचा अधिकार आपल्याला आहे.